बाबांना न सांगता केमो देता येईल का?

पत्र थोडक्यात असं: पत्र लिहिणारी चौतीस वर्षांची आहे. वडील सदुसष्ट वर्षांचे, सगळी नोकरी हिशेबाच्या कामात गेलेली. पाच आठवड्यांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं संपूर्ण जठर काढावं लागलं. घरच्यांनी त्यांना ‘मोठा अल्सर होता, काढून टाकला’ एवढंच सांगितलं आहे. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये तपासलेल्या २९ लिम्फ नोड्सपैकी (जठराभोवतीच्या छोट्या लसिकाग्रंथींपैकी) ५ मध्ये कॅन्सर सापडला, स्टेज ३ए. वजन ६८ किलोवरून ५८ वर आलं आहे. डॉक्टरांनी केमोच्या आठ सायकल सांगितल्या आहेत: दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाईन आणि प्रत्येक वेळी चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. मोठा भाऊ म्हणतो, ‘ताकदीची सलाईन आहे असं सांगू.’ आई काहीच बोलत नाही, बाथरूमचा नळ सोडून रडते. रिपोर्टची फाईल कपाटात साड्यांखाली ठेवली आहे. मुलगी विचारते, ‘ताई, आजार ॲडव्हान्स्ड आहे म्हणतात. बाबा इतके वाळलेत की केमो द्यायची हिंमत होत नाही आणि न देण्याचीही होत नाही. त्यांना कळलं तर ते खचतील. न सांगता देता येईल का? की देऊच नये?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. नाही, ही केमो बाबांना अंधारात ठेवून देऊ नका. याची कारणं दोन आहेत. शरीर त्यांचं आहे, म्हणून जाणून घ्यायचा हक्कही त्यांचा आहे, हे पहिलं. ते तुलाही आतून पटलेलं आहे, नाहीतर पत्र लिहायला बसलीच नसतीस. दुसरं कारण औषधाचं आहे आणि ते घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मी सव्वीस वर्षं केमोच्या डे-केअर वॉर्डात नर्स होते, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

तू लिहिलेली दोन्ही औषधं रुग्णाच्या साथीशिवाय सुरक्षितपणे देताच येत नाहीत. ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाईन साधारण दोन तास चालते. त्यानंतरचे काही दिवस थंड वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचतात. थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळून येतो, श्वास अडकल्यासारखा वाटतो. ज्याला हे आधी सांगितलेलं असतं तो कोमट पाणी पितो, फ्रिजमध्ये हात घालत नाही, आणि चुकून झालंच तर शांत बसतो, थोड्या वेळात ते निवतं. ज्याला सांगितलेलं नसतं त्याला वाटतं, आपला जीव चालला. शिवाय सायकल वाढत जातात तसा हा बधिरपणा टिकायला लागतो. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पेन धरवत नाही. हे वेळीच कानावर आलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा ते औषध थांबवतात. कानावर आलं नाही तर नसांची इजा पुढे वर्षानुवर्षं राहू शकते. ‘ताकदीची सलाईन’ घेणारा माणूस बोटांच्या बधिरपणाचा आणि सलाईनचा संबंध जोडणार कसा?

गोळ्यांचंही तसंच. कॅपेसिटाबिन सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. दिवसात नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले, तोंडात फोड येऊन खाता येईना, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटायला लागले, तर पुढची गोळी न घेता वॉर्डला फोन करायचा असतो. बाबांना वाटत असेल की या शक्तीच्या गोळ्या आहेत, तर ते काय करतील? जुलाब होताहेत, अशक्तपणा आलाय, म्हणून एकही गोळी चुकवणार नाहीत. शिस्तीचा माणूस तर मुळीच नाही.

आणि ताप. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप हा साधा ताप नसतो. रात्री दोन वाजता आला तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं असतं. सकाळपर्यंत पांघरूण घेऊन पडून राहणं जिवावर बेतू शकतं. घरात कुणाची झोपमोड नको म्हणून बाप माणूस नेमका तसाच पडून राहतो.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, साठीच्या आसपासचे. मुलांनी आम्हाला दारातच गाठून सांगितलं होतं, ‘सिस्टर, त्यांना काही बोलू नका, ताकदीचं औषध म्हणून सांगितलंय.’ पहिल्या दिवशी मी सलाईन जोडायला गेले. केमो हाताळताना आम्ही गाऊन घालतो, हातमोज्यांचे दोन जोड चढवतो, कारण औषध आमच्या कातडीवर सांडून चालत नाही. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘ताकदीच्या औषधाला इतकं घाबरता होय तुम्ही?’ मला उत्तर देता आलं नाही. चौथ्या सायकलला शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंशी बोलताना ते म्हणाले की मला पहिल्या दिवसापासून सगळं कळलंय, पण मुलांनी एवढी मेहनत घेऊन लपवलंय तर कशाला दुखवू. त्यांच्या बोटांना तिसऱ्या सायकलपासून मुंग्या येत होत्या. ते बोलले नव्हते, कारण बोललो तर विषय निघेल अशी त्यांना भीती होती. एका घरातली चार माणसं एकमेकांना जपत होती, आणि त्यात औषधाचा डोस कमी करायचा राहून गेला.

म्हणून ‘कळलं तर खचतील’ हे तुझं गृहीतक जरा उलटून बघ. बाबांचं जठर काढलंय. पाच आठवड्यांत दहा किलो वजन गेलंय. घरात कुजबुज चालते, ते खोलीत आले की बोलणं थांबतं. बायकोचे डोळे सुजलेले असतात. जन्मभर जमाखर्चाचा ताळमेळ लावलेल्या माणसाला हा हिशेब जुळत नाहीये हे समजलं नसेल, असं तुला खरंच वाटतं? मला वाटतं, ते बऱ्यापैकी जवळ पोचले असतील आणि तिथे एकटे बसले असतील. सांगितल्यावर धक्का बसेल, रडतील, दोन-चार दिवस कुणाशी बोलणार नाहीत, हे शक्य आहे. पण तो धक्का तुमच्यासमोर बसेल. वॉर्डात कुणाच्या फाईलवरचा शब्द वाचून बसला, तर तिथे तू नसशील. तसंही केमोच्या आधी रुग्णाची लेखी संमती घेतात. आपण कशावर सही करतोय हे हिशेबाचा माणूस वाचणार नाही असं होईल का?

आता ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाकडे येऊ. तुझं अर्धं घाबरणं या एका शब्दापायी आहे. घरात तो ‘शेवटची स्टेज’ असा ऐकला गेलाय. रिपोर्ट तसं म्हणत नाही. स्टेज ३ म्हणजे आजार जठराच्या भिंतीत खोलवर गेला होता आणि जवळच्या काही नोड्सपर्यंत पोचला होता. यकृतात, पोटाच्या अस्तरावर किंवा दूर कुठे तो दिसलेला नाही. दूर दिसला असता तर ती स्टेज ४ झाली असती आणि तिथे उपचाराचा हेतूच वेगळा असतो. बाबांच्या बाबतीत डॉक्टर अजूनही आजार कायमचा जावा यासाठी झटताहेत. २९ नोड्स तपासले गेले हीसुद्धा चांगली गोष्ट आहे. निदान पंधरा-सोळा तरी तपासावेत असं मानतात, नाहीतर स्टेजवर भरवसा ठेवता येत नाही.

मग सगळं काढलंय तर केमो कशाला? हा प्रश्न बाबा पहिला विचारतील, म्हणून उत्तर तयार ठेव. सर्जनने डोळ्यांना दिसणारं सगळं काढलं. पण पाच नोड्समध्ये पेशी सापडल्या, याचा अर्थ काही पेशी जठर सोडून वाटेला लागल्या होत्या. त्यातल्या एखाद-दुसऱ्या आणखी पुढे गेल्या असतील तर त्या कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. सुरीला तिथे पोचता येत नाही, रक्तातून जाणाऱ्या औषधाला येतं. ऑपरेशननंतरची केमो त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी असते. त्या आहेत की नाहीत हे नक्की सांगता येत नाही, आणि म्हणूनच हा निर्णय अवघड वाटतो.

किती फायदा होतो? इथे मी आकडे देणार आहे, कारण तुझे बाबा आकड्यांचे माणूस आहेत. जपानमध्ये ‘एस-१’ नावाच्या गोळीचा मोठा अभ्यास झाला. स्टेज २ आणि ३ चे एक हजाराहून थोडे अधिक रुग्ण, सगळ्यांचं नोड्ससकट व्यवस्थित ऑपरेशन झालेलं. अर्ध्यांना वर्षभर गोळी दिली, अर्ध्यांना नुसतं तपासणीखाली ठेवलं. पाच वर्षांनी केमो न घेतलेल्यांपैकी ६१ टक्के हयात होते, घेतलेल्यांपैकी जवळपास ७२ टक्के. बाबांना सुचवलेल्या दोन औषधांचा अभ्यास दक्षिण कोरिया, चीन आणि तैवानमध्ये झाला, त्याचे पहिले निष्कर्ष २०१२ मध्ये आले. त्यात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ६९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलं. वेगवेगळ्या देशांतल्या सतरा चाचण्यांमधल्या ३८३८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात फायदा कमी दिसतो: ४९.६ वरून ५५.३ टक्के.

हे आकडे शंभर माणसांच्या रांगेसारखे वाच. जपानच्या अभ्यासात शंभरातले ६१ जण केमोशिवायही पाच वर्षं जगले असते. अठ्ठावीसेक जण केमो घेऊनही राहिले नाहीत. मधले दहा-अकरा केमोमुळे वाचले. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कुणालाच सांगता येत नाही. आणि हे आकडे स्टेज २ आणि ३ मिळून आहेत. नुसत्या स्टेज ३ चे पाहिले तर दोन्ही बाजूंचे आकडे खाली येतात, हे बाबांपासून लपवू नकोस. या वयाला, या स्टेजला दहा-अकरांसाठी सहा महिने झुंजायचं का, याला कुणी ‘हो, नक्कीच’ म्हणेल, कुणी ‘नको’ म्हणेल. माझं मत विचारशील तर तब्येत झेपण्यासारखी असेल आणि माणसाची स्वतःची तयारी असेल तर मी ‘सुरू करून बघा’ म्हणेन. पण मी म्हणून काय होणार? सोसायचं त्यांना आहे.

तब्येतीचं मात्र मला खरंच बोलायचंय, कारण घरात त्यावर भावना खूप आहेत आणि काम थोडं झालंय असं तुझ्या पत्रावरून वाटतं. जठर पूर्ण काढलेल्या माणसाचं वजन उतरतंच. अन्न साठवायची पिशवीच राहिलेली नसते, अन्ननलिकेतून घास थेट लहान आतड्यात उतरतो. म्हणून तीन वेळा पोटभर जेवण हा हिशेब आता विसरायचा. दिवसातून सहा ते आठ वेळा, वाटीभर, सावकाश चावून. पाणी जेवणासोबत नको, अर्धा तास आधी किंवा नंतर. गोडाचं प्रमाण कमी, प्रथिनं प्रत्येक खाण्यात. खाल्ल्यावर अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ येत असेल तर त्याला डंपिंग म्हणतात. आणि दोन-अडीच तासांनी घेरी येत असेल तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. दोन्हीवर उपाय आहेत, पण डॉक्टरांना सांगायला हवं. बी१२ची इंजेक्शनं आता जन्मभर लागणार, कारण ते शोषून घ्यायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. ती सुरू झालीत का, हे आजच विचार. केमोचं ठरो न ठरो, हे सगळं करायचंच आहे.

केमो साधारण ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. म्हणजे तुमच्या हातात एक ते तीन आठवडे आहेत. ‘वाळलेत म्हणून देऊ नये’ असं थेट ठरवण्याऐवजी हे दिवस आहारतज्ज्ञाबरोबर घालवा. दर दोन-तीन दिवसांनी त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करा. वजन घसरायचं थांबलं, ते घरातल्या घरात आणि थोडं बाहेर चालायला लागले, दिवसाचा बराच वेळ अंथरुणाबाहेर राहिले, तर डॉक्टरांना ‘झेपेल’ म्हणायला आधार मिळतो. घसरण थांबत नसेल तर आतड्यात नळी घालून आहार देण्याबद्दल विचारा. आणि थोडा उशीर झाला म्हणून संधी कायमची गेली असंही नाही. नीट खात नसलेल्या माणसाला घाईने औषध टोचण्यापेक्षा आठवडाभर थांबणं शहाणपणाचं ठरतं.

‘एकदा सुरू केली की मागे फिरता येत नाही’, हे तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या घाबरण्यात ते कुठेतरी दडलंय. प्रत्यक्षात प्रत्येक सायकलच्या आधी रक्त तपासतात, वजन बघतात, त्रास विचारतात आणि मगच पुढचं ठरतं. डोस कमी होतो, आठवडाभर पुढे ढकलला जातो, एक औषध बंद करून दुसरं चालू ठेवलं जातं. मी सांगितलेल्या कोरिया-चीन-तैवानच्या अभ्यासात सुद्धा साधारण तीनातल्या एकाच्या आठही सायकल पूर्ण झाल्या नव्हत्या. युरोपात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अशी दोन तुकड्यांत केमो देतात, तिथे तर ऑपरेशननंतरची तुकडी निम्म्याअधिक रुग्णांना पूर्ण करता येत नाही. म्हणून बाबांसमोर प्रश्न ‘सहा महिने केमो घेणार का?’ असा ठेवू नकोस. ‘दोन सायकल घेऊन बघायची का? मग पुन्हा बसून ठरवू’ असा ठेव. घरी कॅलेंडरवर दुसऱ्या सायकलनंतरच्या एका दिवसाभोवती गोल करा. त्या दिवशी थांबायचं म्हटलं तरी कुणी नाराज व्हायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून ने, समोर गेल्यावर आठवत नाहीत. केमोमागचा हेतू काय, बरं करणं की आजार लांबवणं? बाबांच्या वयाला आणि वजनाला डोस सुरुवातीपासूनच कमी ठेवता येईल का? दोनऐवजी एकच औषध देऊन चालेल का? गाठीची ‘एमएसआय’ तपासणी (पेशींमधली जनुकं दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का, हे बघणारी) झाली आहे का? काही थोड्या रुग्णांमध्ये ती पॉझिटिव्ह येते, आणि त्यांना नेहमीच्या केमोचा फायदा होतो की नाही याबद्दल शंका आहे, म्हणून निर्णयाआधी हे कळलेलं बरं. आणि ‘डीपीडी’ची तपासणी करणार का? कॅपेसिटाबिन शरीरातून बाहेर टाकणारं हे एन्झाइम काही जणांत जन्मतःच कमी असतं, त्यांना नेहमीच्या डोसनेही भयंकर त्रास होतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० पासून उपचाराआधी ही तपासणी करायची शिफारस केली आहे. बाबा सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, झाडपाल्याच्या औषधांसकट. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर ते ठळक सांगा, कॅपेसिटाबिनबरोबर तिचा परिणाम धोकादायक वाढतो.

आता सगळ्यात कठीण भाग. सांगायचं कसं?

आधी भावाशी एकटीने बोल. तो खोटारडा नाही, तो घाबरलाय. ऑपरेशनच्या वेळी धावपळ त्याने केली, डॉक्टरांसमोर तो उभा राहिला, ‘अल्सर’ हा शब्दही बहुतेक त्याच्याच तोंडून घाईत निघाला आणि मग तो मागे घेता आला नाही. त्याला चूक दाखवायला जाऊ नकोस. मी वर सांगितलेलं ताप, जुलाब आणि बोटांचं सगळं त्याच्यापुढे ठेव आणि विचार, ‘रात्री ताप आला आणि बाबांनी सांगितलंच नाही, तर?’ बहुतेक भाऊ इथे थांबतात.

मग बाबांशी. दिवसा, त्यांचं खाऊन थोडा वेळ झाल्यावर, टीव्ही बंद करून. दोघं-तिघंच असा, सगळी भावकी नको. पहिलं वाक्य सांगण्याचं नको, विचारण्याचं असू दे: ‘बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ आणि मग गप्प राहा. खूप वेळ शांतता राहील, ती भरून काढायची घाई करू नकोस. पुढचा प्रश्न, ‘तुम्हाला रिपोर्टमधलं सगळं जाणून घ्यायचंय, की गरजेपुरतं?’ ते ‘सांग’ म्हणाले तर कॅन्सर हा शब्द उच्चार. गाठ, जखम, वाईट पेशी अशा आडवाटा नकोत, त्याने माणूस आणखी चाचपडतो. ‘जठराचा कॅन्सर होता. ऑपरेशनमध्ये दिसणारा सगळा काढलाय. पाच नोड्समध्ये सापडला, म्हणून डॉक्टर आणखी औषध सुचवताहेत.’ पहिल्या दिवशी एवढं पुरे. टक्केवारी त्यांनी मागितली तरच. आणि ‘आधी का नाही सांगितलंत?’ असं विचारलं तर कारणं देत बसू नकोस. ‘आम्ही घाबरलो होतो, चुकलं’ एवढं खरं आहे, तेवढंच म्हण.

ते म्हणतील, ‘मला काही सांगू नका, तुम्हीच ठरवा.’ असंही होतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. जाणून न घेण्याचा निर्णय माणसाने स्वतः घेणं वेगळं आणि तो परस्पर दुसऱ्यांनी घेऊन टाकणं वेगळं. तरीही औषध जालीम आहे, थंड टाळायचं, ताप-जुलाब लगेच सांगायचे, एवढं त्यांना कळलंच पाहिजे. ते डॉक्टरांनी किंवा वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं तर घरच्यांना सोपं जातं, आम्हाला त्याची सवय असते.

आणि ते ‘केमो नको’ म्हणाले तर? लगेच वाद घालू नकोस, कशाची भीती वाटते ते विचार. कुणाला केस जाण्याची असते; या दोन औषधांत केस पूर्ण जाणं क्वचित घडतं, विरळ होऊ शकतात. कुणी एखाद्या नातेवाइकाचे हाल पाहिलेले असतात, कुणाला मुलांवर भार व्हायचं नसतं. भीती चुकीच्या माहितीची असेल तर ती डॉक्टरांसमोर सुटते. सगळं समजून घेऊनही नको म्हणाले, तर त्यांचा आदर करा. केमो न घेणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, वजन, बी१२, आहार हे सगळं चालूच राहतं. वेदना, भूक, झोप, मनाची घालमेल सांभाळणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या टीमची ओळख आत्ताच करून घ्या, केमो घेतली तरी. ती टीम फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते हा समज बऱ्याच घरांचं नुकसान करतो. आणि कळल्यानंतर दोन आठवडे उलटूनही ते खातच नसतील, झोपत नसतील, ‘आता कशाला जगायचं’ अशी भाषा करत असतील, तर ते ‘साहजिकच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तेही डॉक्टरांना सांगायचं असतं, त्यावर मदत मिळते.

आईला विसरू नकोस. गुपित सांभाळायचं सगळ्यात मोठं ओझं तिच्यावर आहे, ती त्यांच्या शेजारी झोपते. बाबांशी बोलायच्या आदल्या दिवशी तिला सांग की उद्यापासून तुला नळ सोडायला लागणार नाही.

पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधी हे बोलणं झालेलं असू दे. डॉक्टरांना आधी फोन करून कळव की बाबांना आता माहीत आहे, म्हणजे ते तुझ्याशी न बोलता थेट त्यांच्याशी बोलतील. फाईल साड्यांखालून काढ आणि निघताना बाबांकडे दे. वाचायची की नाही, ते ठरवतील. आणि घरातला थर्मामीटर चालतो का, ते आज संध्याकाळीच बघून ठेव.

तुझी,
ताई